प्रश्न काढणाऱ्याची वही

शाळाशाळांमधून होणाऱ्या ज्ञानस्पर्धांसाठी साहित्य-विषयाचे प्रश्न काढण्याचे काम गेली बारा वर्षे आमच्याकडे आहे. हे काम कोणी आम्हांवर लादले असे नाही, आणि आम्ही ते मागून घेतले असेही नाही. मराठीचा शिक्षक म्हणून ते आपोआप गळ्यात पडले आणि पुढे त्याची गोडी लागली. पालकवर्गापैकी पुष्कळांची अशी समजूत दिसते की, प्रश्न काढणे म्हणजे पुस्तकातील एक ओळ उचलावयाची आणि तिच्या शेवटी प्रश्नचिन्ह ठेवावयाचे. ह्या समजुतीत थोडाफार फरक पडावा, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणास हे काम स्वतः करून पाहण्याची इच्छा व्हावी, एवढ्याच हेतूने वार्षिकाची ही चार पाने आम्ही अडवीत आहोत.

ह्या खेळाचा जन्म आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत १९५३ साली महाविद्यालयांच्या संघांमध्ये अशी चढाओढ रेडिओवरून सुरू झाली. तिच्याच धर्तीवर इंग्लंडात १९६२ साली दूरचित्रवाणीवर ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ हा कार्यक्रम निघाला. आपल्या देशात नील ओब्रायन ह्यांनी १९६७ साली कलकत्त्यास एका चर्चच्या सभागृहात घेतलेली प्रश्नमंजूषा ही पहिली खुली प्रश्नमंजूषा म्हणून सांगितली जाते. (‘पहिली’ ह्या शब्दाविषयी आमचे मत काय आहे ते पुढे येईलच.) १९७२ पासून बोर्नव्हिटाची स्पर्धा रेडिओवरून घराघरांत ऐकू येऊ लागली. हे सारे बहुतांशी इंग्रजीत चालत असे. मराठीत असा खेळ खेळावयाचा तर प्रश्नही मराठीच्या प्रकृतीस मानवतील असे घडवावे लागतात. इंग्रजी प्रश्नाचे भाषांतर करून भागत नाही. ते का, हे लवकरच ध्यानात येईल.

आमच्या स्पर्धेत घंटीचे प्रश्न असतात. प्रश्न वाचला जात असतानाच ज्यास उत्तर सुचेल त्याने घंटी दाबावी, वाचणाऱ्याने तेथेच थांबावे. म्हणून प्रश्नाची रचना उतरत्या पायऱ्यांची असावी लागते. पहिल्या वाक्यात अशी खूण असावी की जी ते पुस्तक मन लावून वाचलेल्यासच ओळखता येईल. दुसऱ्या वाक्यात ज्याने पुस्तकाविषयी काही ऐकले-वाचले आहे त्यास ती सापडावी. आणि अखेरच्या वाक्यात वर्गातील कोणाही मुलास उत्तर देता यावे. ज्याचे वाचन अधिक त्याची घंटी आधी, असा हा न्याय आहे.

‘श्यामची आई’ हे पुस्तक कोणी लिहिले? असे विचारणे म्हणजे प्रश्न नव्हे, ती हजेरी होय. त्यात ज्याचे बोट चपळ तो जिंकतो. आता तोच विषय असा मांडून पाहा: ‘ह्या पुस्तकात प्रकरणांना प्रकरण न म्हणता रात्र म्हटले आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्याचे लेखन झाले. त्यावरून आचार्य अत्रे ह्यांनी काढलेल्या चित्रपटास १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. साने गुरुजींच्या ह्या सुप्रसिद्ध पुस्तकाचे नाव काय?’ ज्याने पुस्तक हाती धरून पहिल्या रात्रीपासून वाचले आहे, त्याचे बोट ‘रात्र’ ह्या शब्दावरच घंटीकडे जाते. ज्याने केवळ सनावळी पाठ केली आहे त्यास नाशिकपर्यंत थांबावे लागते. आणि ज्याने चित्रपटच काय तो पाहिला आहे, त्याचाही नंबर लागतोच. कोणी रिकाम्या हाती परत जात नाही. मात्र आधी कोण आणि मागून कोण, हे वाचनाने ठरते.

अशी पहिली खूण शोधणे हेच ह्या कामातील खरे कष्टाचे काम आहे, आणि खरे सुखाचेही. लेखकाचा जन्म, मृत्यू, गाव, पारितोषिक ही माहिती कोणत्याही कोशात मिळते. पण तीवर उभारलेला प्रश्न पुस्तकाविषयी नसून लेखकाच्या दाखल्याविषयी असतो. बालकवींचेच उदाहरण घेऊ. धरणगावी १८९० साली जन्म, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी, १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली अपघाती मृत्यू, ह्या तीन गोष्टी इतक्यांदा विचारल्या गेल्या आहेत की, मुले ‘भादली’ ऐकताच घंटी दाबतात. त्यांतील कित्येकांनी त्या कवीची एकही कविता समजून वाचलेली नसते. त्यापेक्षा ‘औदुंबर’ ही कविता अवघ्या आठ ओळींची आहे आणि तीत माणूस कोठेच नाही, ह्या खुणेपासून आरंभ केला, तर उत्तर देणाऱ्यास निदान एकदा तरी ती कविता डोळ्यांपुढे आणावी लागते. ‘फुलराणी’चा उल्लेख आम्ही शेवटच्या पायरीसाठी राखून ठेवतो, आणि तोही जपून, कारण नुसते ‘फुलराणी’ म्हटले की निम्म्या मुलांच्या मनात पु. ल. देशपांडे ह्यांचे नाटक उभे राहते आणि चुकीची घंटी वाजते. हा दोष मुलांचा नव्हे. दोन वाटा जेथे फुटतात तेथे पाटी लावणे हे प्रश्न काढणाऱ्याचे काम आहे.

आता मराठीच्या प्रकृतीविषयी. इंग्रजीत ‘लिहिणारा’ आणि ‘लिहिणारी’ ह्यांस एकच शब्द चालतो. आपल्या भाषेत तसे नाही. येथे विशेषण, सर्वनाम, क्रियापद, सारेच चुगली करतात. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ ह्या संग्रहाविषयी प्रश्न काढताना ‘ह्या कवयित्रीने’ अशी सुरुवात केली की खेळ तेथेच संपला. त्या काळात काव्यसंग्रह छापणाऱ्या स्त्रिया किती असणार? सावित्रीबाई फुले हे नाव तर्कानेच येते, वाचण्याची गरज उरत नाही. म्हणून आम्ही मराठीच्याच पोटात शिरून तोड काढली. आदरार्थी ‘ह्यांनी’, ‘त्यांचा’, ‘त्यांस’ ही रूपे पुरुषासही चालतात आणि स्त्रीसही. ‘त्या जन्मल्या’ न म्हणता ‘त्यांचा जन्म झाला’ म्हणावे. ‘ती गेली’ न म्हणता ‘त्यांचे निधन झाले’ म्हणावे. ‘त्यांनी संग्रह लिहिला’ ह्यात क्रियापद संग्रहाच्या मागे जाते, लेखकाच्या नव्हे. व्याकरणाच्या तासाला कर्मणी प्रयोग शिकवताना ‘ह्याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या मुलांस आता आमच्यापाशी उत्तर आहे. पुस्तकाच्या बाबतीतही तेच. ‘ही’ म्हटले की कादंबरी, ‘हे’ म्हटले की नाटक किंवा आत्मचरित्र, ‘हा’ म्हटले की संग्रह. तेव्हा आरंभी ‘ह्या कृतीत’ असे मोघम म्हणून ठेवावे, आणि प्रकार पुढे सांगावा. तथापि मोघमपणालाही मर्यादा आहे. आपणांस माणसाचे नाव सांगावयाचे आहे की पुस्तकाचे, हे मुलास पहिल्या वाक्यात कळलेच पाहिजे. नाहीतर ठाऊक असूनही तो भलतेच बोलून बसतो.

नावांचा घोळ तर विचारूच नये. कोणी ‘टिळक’ एवढेच उत्तर दिले तर परीक्षकाने काय करावे? मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिणारे टिळक १९२० साली निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ आरंभणारे टिळक त्याच्या आदल्या वर्षी. दोघांचीही मुळे कोकणातली, दोघेही आपापल्या परीने शब्दाचे धनी. बहिणाबाई दोन: सतराव्या शतकातील तुकारामशिष्या आणि खानदेशातील बहिणाबाई चौधरी, ज्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आली. म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या खाली आम्ही उत्तर तर लिहितोच, शिवाय ‘एवढेच म्हटल्यास पूर्ण नाव विचारावे’ किंवा ‘टोपणनाव आणि खरे नाव दोन्ही ग्राह्य’ अशी सूचनाही लिहितो. कुसुमाग्रज म्हटले काय आणि वि. वा. शिरवाडकर म्हटले काय, गुण सारखेच. (सहा भावांत एकुलती एक बहीण कुसुम, तिचा अग्रज तो कुसुमाग्रज. हे कळल्यावर ‘अग्रज’ शब्दाचा अर्थ मुले जन्मात विसरत नाहीत.)

आता ‘पहिला’ ह्या शब्दाकडे वळू. आमच्या मते प्रश्नमंजूषेत ह्या एका शब्दाने जितका अन्याय केला आहे तितका दुसऱ्या कशाने केला नसेल. त्याची झळ आमच्या एका विद्यार्थ्यास लागली, ती हकीकत येथे सांगणे आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी परगावी एका स्पर्धेस आमचा संघ गेला होता. गावाचे आणि संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अंतिम फेरीत प्रश्न आला, ‘मराठीतील पहिली कादंबरी कोणती?’ आमच्या संघातील सातवीच्या मुलाने क्षणाचाही विलंब न लावता ‘यमुनापर्यटन’ असे उत्तर दिले. बाबा पदमनजींचे हे पुस्तक १८५७ सालचे. आमच्या ग्रंथालयात त्याची प्रत आहे, आणि तिच्यातील विधवांच्या कहाण्या त्या मुलाने नुकत्याच वाचल्या होत्या. परीक्षकांनी हातातील कागद पाहिला आणि ‘चूक, बरोबर उत्तर मोचनगड’ असे सांगून गुण दुसऱ्या संघास दिले. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ सालची. ती मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी होय. तो प्रश्न कोणत्या तयार प्रश्नसंचातून उतरवून घेतला होता, तो संच आम्ही पुढे पाहिला. त्यात ‘ऐतिहासिक’ हा शब्द होता. उतरवून घेणाऱ्याच्या हातून तो तेवढा गळला. एक शब्द गळला आणि चौदा वर्षांचे अंतर गडप झाले.

मुलगा परत येताना गाडीत काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात येऊन त्याने विचारले, ‘सर, मग पुस्तक खोटे का?’ आम्ही संयोजकांस पुराव्यानिशी पत्र घातले. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम’ असे दोन ओळींचे उत्तर आले. नियम म्हणून ते बरोबरच आहे; खेळात शेवटचा शब्द कोणाचा तरी असावाच लागतो. पण बारा वर्षांच्या मुलास नियम कळत नाही, त्यास एवढेच कळते की आपण वाचले ते खरे असून आपण हरलो. पुढले वर्षभर त्याने घंटीस हात लावला नाही.

त्यातही सांगावयाचे ते असे की, ‘यमुनापर्यटन’ हे उत्तर सुद्धा वादातीत म्हणता येत नाही. ते बोधपर अधिक, कादंबरी कमी, असे म्हणून १८६१ च्या ‘मुक्तामाले’स पहिला मान देणारे आहेत. भाषांतर मोजावयाचे तर हरि केशवजींचे ‘यात्रिकक्रमण’ १८४१ चे आहे. आत्मचरित्राचेही तसेच: बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ १८८८ साली छापले गेले, दादोबा पांडुरंगांनी आपले आत्मचरित्र त्याच्या कितीतरी आधी लिहिले, पण ते पुस्तकरूपाने निघाले १९४७ साली. मग पहिले कोणाचे? लिहिलेले की छापलेले? अशा ठिकाणी प्रश्न काढणाऱ्याने ‘पहिली’ हा शब्द गाळून सरळ म्हणावे: ‘विधवांच्या दुःस्थितीवर बाबा पदमनजींनी १८५७ साली लिहिलेली कृती कोणती?’ उत्तर एकच येते, आणि कोणाच्या अभ्यासावर बोळा फिरत नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, हेही ‘पहिले’ न म्हणता विचारता येते.

ह्या घटनेनंतर आम्ही एक नेम केला. तयार संचातून एकही प्रश्न घ्यावयाचा नाही. प्रत्येक खूण मूळ पुस्तकाचे पान उघडून पाहावयाची आणि सन दोन निरनिराळ्या ठिकाणी ताडून पाहावयाचा. ह्यामुळे वीस प्रश्नांस तीन-चार महिने लागतात. आमच्या घरची मंडळी ह्यास थट्टेने ‘सरांची सुगी’ म्हणतात. पावसाळ्यात पेरणी आणि नाताळापूर्वी मळणी.

पालक भेटले की हमखास विचारतात, ‘सर, ह्या स्पर्धेसाठी कोणते गाइड घ्यावे?’ त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण गाइडातील यादी पाठ केलेल्या मुलाचा आणि त्या पुस्तकाचा संबंध पत्त्यापुरताच. घरात पाऊल पडतच नाही. आता तर हातातल्या यंत्रास विचारले की क्षणात शंभर प्रश्न मिळतात, आणि त्यांतील किती खरे हे तपासावयास शंभर दिवस लागावेत. मुले आमच्याकडे अशा कविता घेऊन येतात की ज्यांच्याखाली कुसुमाग्रजांचे किंवा पु. लं.चे नाव लावलेले असते आणि त्या त्यांच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाहीत. आम्ही रागे भरत नाही. ‘कोणत्या संग्रहात, कोणत्या पानावर?’ एवढेच विचारतो. काही मुले शोधावयास जातात, काही जात नाहीत.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहावयास हवी. आम्ही ज्या परंपरेत वाढलो तिच्यात मराठीची सेवा करणाऱ्यांची उणीव नाही. विल्टशायरहून निघून १५७९ साली गोव्यास पोहोचलेले आणि १६१६ साली राचोल येथे रोमन अक्षरांत छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठीचे अंतःकरणपूर्वक गुणगान करणारे फादर स्टीफन्स, बाबा पदमनजी, टिळक पतिपत्नी, आणि अगदी आपल्या काळात, २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ह्यांवर प्रश्न काढावयास हात शिवशिवतो. परंतु स्पर्धेस सर्व प्रकारच्या घरांतून मुले येतात. आपल्याच घरचे ताट वारंवार पुढे सरकविणे हे यजमानास शोभत नाही. म्हणून वीसांत दोन, त्याहून अधिक नाहीत. उरलेल्या अठरांत ज्ञानेश्वरीही असते, महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ असते, हरिभाऊ आपटे असतात; आणि अण्णाभाऊ साठे, बाबूराव बागूल, दया पवार हेही असतात. हे शेवटचे तिघे पूर्वीच्या संचांत क्वचितच आढळत. ज्यांच्या घरची भाषा ‘फकिरा’त किंवा ‘बलुतं’मध्ये आहे, अशी मुले आमच्या बाकांवर बसतात, त्यांना प्रश्नपत्रिकेत आपले कोणीच दिसू नये, हे आम्हांस पटत नाही.

गेल्या वर्षीच्या आमच्या स्पर्धेतील एक प्रश्न ‘स्मृतिचित्रे’वर होता. पहिले वाक्य असे होते: ‘ह्या आत्मचरित्राच्या आरंभी वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे; १८५७ च्या धामधुमीत घरातील एका वडीलधाऱ्यास फाशी झाल्यानंतर त्या सोवळ्याने अतिरेक गाठला.’ शहरातील एक नामांकित संघ पुढच्या बाकावर होता. त्या मुलांस पुस्तकाचे नाव, लेखिकेचे नाव आणि १९३४ हा सन तिन्ही मुखोद्गत होते, हे आम्हांस पक्के ठाऊक आहे, कारण पूर्वीच्या फेरीत त्यांनी अशीच तीन-तीन उत्तरे धडाधड दिली होती. पण घंटी वाजली ती मागच्या बाकावरून. एका लहानशा गावच्या शाळेतील आठवीची मुलगी उभी राहिली आणि उत्तर देण्याऐवजी म्हणाली, ‘त्या नानांच्या सोवळ्यापायी घरातली पोरं अगदी हैराण होतात, तेच ना?’ सभागृहात हशा पिकला. परीक्षकांनी पुस्तकाचे नाव विचारले, तेव्हा तिने ते सांगितले. मागाहून कळले की, तिच्या आजीची नजर अधू झाल्यापासून रोज संध्याकाळी ती आजीस वाचून दाखवते, आणि आजीने हे पुस्तक दोनदा वाचून घेतले होते. तिचा संघ त्या दिवशी तिसरा आला. बाकीच्या विषयांत ती मंडळी कच्ची होती.

‘यमुनापर्यटन’वाला आमचा विद्यार्थी आता दहावीत आहे. स्पर्धेत तो पुन्हा उतरला नाही. मात्र मागील दोन वर्षे शनिवारी दुपारी तो ग्रंथालयात आमच्या समोर बसून प्रश्न काढतो, आणि ‘पहिला’ हा शब्द कोठे दिसला की त्याखाली तांबडी रेघ ओढतो. त्याच्या बरोबरीने आता नववीतील दोन मुली आणि एक मुलगा येऊ लागले आहेत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी स्वतःची वही आणावी. पहिल्या दिवशी एका वाचलेल्या पुस्तकावर तीन वाक्यांचा प्रश्न लिहावा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी पानाचा आकडा घालावा. आकडा नसलेले वाक्य आम्ही वाचत नाही.

गेल्या शनिवारी त्याने ‘फकिरा’वर प्रश्न आणला. १९५९ सालची ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केलेली आहे, ही खूण त्याने दुसऱ्या वाक्यात घातली होती आणि पानाचा आकडा मात्र घातला नव्हता. विचारले तेव्हा आमच्या ग्रंथालयातील प्रतीची सुरुवातीची चार पाने गळाली आहेत, असे त्याने दाखवले. गोष्ट खरी आहे, हे आम्हांसही ठाऊक होते आणि त्यासही. तरी तो वही मिटून तालुक्याच्या वाचनालयात दुसरी प्रत पाहावयास गेला आहे. तोवर त्या प्रश्नाचे दुसरे वाक्य कोरे आहे.